‘आज राजवाडा बंद आहे’ असं कुणी सांगितलं, तर आधी स्वतःच्या पायांनी गेटपर्यंत जा

सरळ आकड्यापासून सुरुवात करतो. 1,10,002 रुपये 90 पैसे. आम्ही चौघा मित्रांनी डिसेंबर 2025 मध्ये बँकॉकच्या एका रत्नांच्या दुकानात एवढे पैसे मोजले आणि हातात आले तीन निळे खडे. नाशिकच्या सराफ बाजारात त्यांची किंमत निघाली तिन्ही मिळून सात-आठ हजार. तीही ‘तुम्ही ओळखीचे, म्हणून सांगतो’ अशी.

प्रकार जुनाच आहे. बँकॉकचा राजवाडा आज बंद आहे असं सांगून टुकटुकमध्ये, म्हणजे तिथल्या रिक्षात बसवायचं, एखाद्या देवळातून फिरवायचं आणि रत्नांच्या दुकानात नेऊन सोडायचं. नेटवर याच्या गोष्टी ढिगाने आहेत, हे आता मला सगळे ऐकवतात. बायको ऐकवते, मेहुणा ऐकवतो, जो कधी कसारा घाटाच्या खाली उतरला नाही तोही ऐकवतो. त्यामुळे त्या प्रकाराबद्दल अजून सांगत बसत नाही. आमच्यासारखी बऱ्यापैकी व्यवहारी माणसं त्यात कशी सापडतात, ते सांगतो. वाचणाऱ्यांपैकी निम्मे ‘आपण नसतो फसलो’ म्हणणार. आम्हीही तेच म्हणायचो.

चौघं म्हणजे मी, एक वकील, एक मेडिकल दुकानवाला आणि एक दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार. नावं लिहीत नाही, वकिलाने बजावलंय. बागायतदार ऐन डिसेंबरात बाग गड्यांवर सोडून आलेला, रोज सकाळी फोनवर फवारणी विचारायचा. मेडिकलवाल्याची रास मेष, 29 मार्च 2025 पासून साडेसाती सुरू. हे महत्त्वाचं आहे, पुढे कळेल.

शेवटचा दिवस मोकळा होता आणि पहाटेचं विमान होतं. म्हणजे बँकॉकमधलं जे काही राहिलं ते त्याच दिवशी उरकायचं. सकाळी राजवाडा, मग वाट फोमधला (तिकडे ‘वाट’ म्हणजे देऊळ) 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, नावेने नदीपलीकडे वाट अरुण, जेवण, चायनाटाउनची खरेदी, संध्याकाळी नदीकाठचा मोठा पाळणा. मी मिनिटामिनिटाचं वेळापत्रक केलं होतं. ही घाईच त्यांना लागते. निवांत माणूस ‘बंद आहे? मग उद्या येऊ’ म्हणतो. ज्याच्याकडे उद्या नाही तो ‘मग आता काय बघता येईल?’ असं विचारतो, आणि तिथेच संपतो.

सुखुमवितहून मेट्रोने सनाम चाय स्टेशनला उतरलो. नकाशा बघितलात तर कळेल, हे स्टेशन राजवाड्याच्या दक्षिणेला आहे आणि पर्यटकांचं गेट उत्तरेला, ना फ्रा लान रस्त्यावर. राजवाड्याची भिंत सगळी मिळून 1,900 मीटर. म्हणजे त्या पांढऱ्या भिंतीकडेने बराच वेळ चालावं लागतं, आणि वाटेतली दारं बंद दिसतात. पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटणारच की राजवाडा बंद आहे. त्या बंद दारांपैकी एकासमोर तो उभा होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र.

त्याने आधी बागायतदाराच्या हाफ पँटकडे बोट दाखवलं. ‘याच्यावर आत सोडत नाहीत, पाय झाकलेले पाहिजेत.’ हे खरं होतं. तिथे आखूड चड्डी आणि उघडे खांदे खरंच चालत नाहीत. पहिलं वाक्य खरं सांगितलं की पुढची तीन खोटी आपोआप खपतात. मग म्हणाला, राजमातेसाठी आज सकाळी भिक्षूंची प्रार्थना आहे, पर्यटकांना एक वाजता सोडतील. आता सांगा, यात संशय घ्यायला जागा कुठे होती? राजमाता सिरिकित 24 ऑक्टोबर 2025 ला गेल्या, ही बातमी आम्ही नाशिकमध्ये वाचली होती. रस्त्यावर काळ्या कपड्यांतले लोक श्रद्धांजलीला जाताना डोळ्यांसमोर दिसत होते. मला जे ऐकवतात त्यांना मी हेच विचारतो, तुम्ही काय तिथे त्यांच्या पंचांगात बघितलं असतं?

त्याने आमच्याच नकाशावर पेनाने गोल केले. उभा बुद्ध, ‘लकी बुद्ध’, आणि ‘सरकारी एक्स्पोर्ट सेंटर, आज सवलतीचा शेवटचा दिवस’. टुकटुकही त्यानेच थांबवली, सगळं फिरवून परत आणायचे 40 बाट. चौघांचे मिळून. साधारण 115 रुपये.

खरं म्हणजे नाशिककरांना हे कळायला हवं, असं माझा मेहुणा म्हणतो. नाशिक रोड स्टेशनवर उतरलेल्या यात्रेकरूंना रिक्षावाले ‘पंचवटी दर्शन’ म्हणून बसवतात. काळाराम, सीतागुंफा, तपोवन, आणि मध्येच एखादं दुकान, ‘फक्त बघा, घ्यायची जबरदस्ती नाही’. आपण लहानपणापासून हे बघतो आणि बाहेरगावच्या लोकांना हसतो. पण आपला रिक्षावाला आपल्या भाषेत बोलतो, त्याचा सूर कळतो. तिथे तुटक इंग्रजीत हसून बोलणारा प्रत्येक माणूस भलाच वाटतो. मेहुण्याने एकदा जाऊन बघावं.

उभा बुद्ध खरा निघाला, 32 मीटर उंच, सुंदर. त्यामुळे विश्वास अजून वाढला. मग एका गल्लीतलं छोटं देऊळ. आत एकच माणूस, पाया पडून बसलेला. आपण होऊन बोलला नाही. वकिलानेच बोलणं काढलं. मलेशियात नोकरी करतो, आईला भेटायला आलो, म्हणाला. जाताना दरवर्षी दोन नीलम घेऊन जातो, तिकडे दुप्पट मिळतात, त्यात विमानाचं तिकीट निघतं. कुठून घेता? तर त्याच एक्स्पोर्ट सेंटरचं नाव. आणि वर, ‘तुम्हाला वेळ नसेल तर राहू द्या.’ विकणाऱ्याने ‘राहू द्या’ म्हटलं असतं तर आम्हीही सावध झालो असतो. पण हा विकणाराच नव्हता ना.

आता ती जागा सांगतो, जी आठवली की रात्री झोप उडते. देवळाबाहेर आलो, तर टुकटुकचं तोंड आधीच दुकानाच्या दिशेला वळवून ठेवलेलं, इंजिन चालू. आम्ही त्याला कुठे जायचं ते सांगितलंही नव्हतं. आणि बसता बसता बागायतदार म्हणाला, ‘एवढा नफा आहे, तर दुकानवाला स्वतः का नाही मलेशियाला पाठवत? आपल्याला कशाला वाटतोय?’

ज्याने दोन वेळा द्राक्षाच्या व्यापाऱ्याला गाडी भरून दिली आणि व्यापारी फोन बंद करून गायब झाला, त्या माणसाचा तो प्रश्न होता. आम्ही तिघांनी त्याला गप्प केलं. ‘तुला द्राक्षातलं कळतं, खड्यातलं नाही.’ कोण म्हणालं यावर आता वाद आहे. मला विचाराल तर वकील.

दुकान चकाचक, वातानुकूलित, थंड पाणी, आत एक माणूस भिंगाखाली खडे घासत बसलेला. बँकॉक ही खरोखर रत्नांची मोठी बाजारपेठ आहे, थायलंडमधल्या चांथाबुरी आणि कांचनाबुरीचे नीलम जगभर गेलेत, हे खोटं नाही, म्हणून तर पचतं. मेडिकलवाल्याच्या डोक्यात शनी. नाशिकमध्ये कुणीतरी त्याला सव्वापाच रत्तीचा नीलम सांगितलेलाच होता. विक्रेत्याला शनीचं काही माहीत नव्हतं, आम्हीच त्याला सांगितलं. एक मेडिकलवाल्याला, दोन विकायला, भागीदारीत. प्रत्येकी 12,000 बाट, एकूण 36,000.

ते म्हणाले, खडे कुरिअरने घरी पाठवतो. वकील म्हणाला, ‘अजिबात नाही, हातात द्या.’ आम्हाला वाटलं, बघा, आपण कसले पक्के! पोस्टाने पाठवणं हा याच धंद्यातला दुसरा डाव असतो, तेवढा आम्ही चुकवला. म्हणजे अगदीच बावळट नव्हतो.

मशीनवर बाट की रुपये असं विचारतं, ते बटण विक्रेत्यानेच दाबलं. रुपये. त्या दिवशी बाट 2 रुपये 85 पैशांच्या आसपास होता, मशीनने लावला 3 रुपये 2 पैसे. झाले 1,08,720. नुसत्या त्या बटणाचे 6,120 रुपये. वर परदेशात रुपयात व्यवहार केला म्हणून बँकेचा 1 टक्का, 1,087.20, आणि त्यावर जीएसटी 195.70. मशीन स्वतःच्या हातात घ्या आणि कायम तिथलंच चलन निवडा, मग तुम्ही खडे घेत असा नाहीतर नारळपाणी.

दोनच्या सुमाराला राजवाड्याच्या खऱ्या गेटवर पोहोचलो. उघडा. सकाळी साडेआठपासून उघडा. अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका अशी पाटीही तिथेच. पाटी गेटवर लावतात, तो माणूस गेटपासून लांब उभा राहतो, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही? 500 बाटप्रमाणे 2,000 बाटची तिकिटं काढून आत गेलो. पाचूचा बुद्ध किती मोठा असेल म्हणून बघितलं तर 66 सेंटिमीटर. बाकी काही आठवत नाही. वकील सावलीत बसून फोनवर वाचत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. थायलंड सरकारचं रत्नांचं एकही दुकान नाही. एकही.

तिथल्या चौकीत गेलो. पोलीस अतिशय नम्र. पाणी दिलं, फॉर्म दिला, आमच्या बिलाची झेरॉक्स काढली आणि सांगितलं की खडे खरे आहेत, किंमत तुम्ही कबूल केलीत, दुकानाशी बोला. दुकान पाचला बंद. उद्या या. उद्या आम्ही विमानात. हे त्यांनाही माहीत, दुकानालाही माहीत, आणि मला खात्री आहे की त्या पेनवाल्यालाही माहीत होतं, कारण त्याने सगळ्यात आधी विचारलं होतं, ‘परत कधी जाणार?’ या प्रश्नाला कधीही खरं उत्तर देऊ नका. महिनाभर आहे म्हणून सांगा.

तुमच्या बाबतीत असं झालंच तर दुकानातून निघण्याआधी, किमान त्याच तासात, 1155 लावा, तो पर्यटक पोलिसांचा नंबर आहे, इंग्रजीत बोलतात. वेळ गेली की सगळे नुसते नम्र होतात.

परत आल्यावर बँक. फोनवर अर्धा तास संगीत, मग ‘सर, तक्रार नोंदवली’. मग ईमेल, की कागद जोडा. जोडले. मग ईमेल, की कागद वाचता येत नाहीत. बिल थाई भाषेत आहे, ते मी काय मराठीत छापून आणू? शाखेत गेलो तर मॅडम म्हणाल्या, हे कार्ड विभागाकडे येतं, आमच्याकडे नाही. कार्ड विभाग म्हणाला, शाखेतून शिक्का आणा. शेवटी उत्तर आलं: पिन तुम्हीच टाकलात, वस्तू तुम्हाला मिळाली, वाद बंद. आणि रुपयाचं बटण मी दाबलं नाही, याचं काय? त्यावर एक ओळही नाही. कार्ड देताना घरी तीनदा फोन करतात हो!

पोलीस ठाण्यात तर कमालच. हवालदारसाहेबांनी खडे मागितले, उजेडात धरले, ‘छान आहे, शनीला चालतो का?’ म्हणाले. तक्रार? ‘गुन्हा तिकडं झाला, आरोपी तिकडचा, आम्ही काय बँकॉकला जायचं?’ वकिलाने नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 208 काढलं. मग स्वतःच वाचून सांगितलं की ते परदेशात गुन्हा करणाऱ्या भारतीयासाठी आहे, आपल्याला लागू नाही. त्याच्या फीची आम्ही थट्टा करतो. त्याला ती आवडत नाही. अर्ज आवक-जावकला दिला, शिक्का घेतला, बस्स. टूर करून देणाऱ्याने तर एका वाक्यात हात झटकले: मोकळा दिवस तुमच्या जबाबदारीवर. सहलीच्या छापील पत्रकात राजवाड्याचा फोटो होता, पण गेट कुठल्या बाजूला आहे आणि ‘बंद आहे’ म्हणणारे भेटतात, ही एक ओळ छापायला किती शाई लागली असती?

खडे आणून विकायचे मनसुबे असतील, तर कस्टमचंही ऐकून ठेवा. आम्ही आलो तेव्हा विनाशुल्क मर्यादा माणशी 50,000 रुपये होती आणि बिल एकाच्या नावावर 36,000 बाटचं. ग्रीन चॅनेलमधून चालताना माझे पाय कसे पडत होते, ते मला माहीत.

सराफाने भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं, भाजून रंग चढवलेले, आत धुरकट, दुसऱ्या हाताने कोणी घेणार नाही. मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केलाय, निदान त्या बटणाचे पैसे मिळावेत म्हणून. कोणाला त्या बटणाचा असाच अनुभव असेल, तर बिल आणि स्टेटमेंट दोन्ही जपून ठेवा, मशीनची पावतीही, तिच्यावर दर छापलेला असतो.

राहिला आमचा हिशोब. माणशी 27,500 रुपये 72 पैसे येतात. वकिलाने दिले, मेडिकलवाल्याने निम्मे दिले आणि एक खडा ठेवून घेतला. बागायतदार म्हणतो, मी प्रश्न विचारला होता, मी एक पैसा देणार नाही. माल निघाल्यावर बसून बोलू, एवढ्यावर सध्या थांबलंय.