एक्स्ट्रान्स: काम चोख, तक्रार मात्र कोड्यात

एक्स विंडो सिस्टिम (युनिक्स-लिनक्सवर स्क्रीनवरच्या खिडक्या दाखवणारी यंत्रणा) सोर्सपासून बांधताना सॉकेटच्या, म्हणजे प्रोग्रामांमधल्या जोडणीच्या टोकाच्या, नावाने येणाऱ्या बहुतेक एरर एक्स्ट्रान्सच्या, म्हणजे या जोडण्या सांभाळणाऱ्या तिच्या कोडच्या, हद्दीतल्या असतात. हे पॅकेज वेगळी लायब्ररी देत नाही. त्याच्या सी फाइली हेडरच्या फोल्डरात जाऊन बसतात आणि एक्स सर्व्हर (स्क्रीन सांभाळणारा मुख्य प्रोग्राम), लिबआइससारख्या लायब्ररी वगैरे आपापल्या पोटात त्या कंपाइल करतात. म्हणून एक्स्ट्रान्समध्ये दुरुस्ती केली की ही सगळी पॅकेजं पुन्हा बांधावी लागतात. हे विसरलं की जुनीच एरर छळत राहते.

बिल्डची पूर्वतयारी करणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टला एक्स्ट्रान्स सापडत नसेल तर पीकेजी-कॉन्फिगचा, म्हणजे पॅकेजांची माहिती शोधणाऱ्या साधनाचा, पाथ पाहा. एक्स्ट्रान्सची माहिती देणारी पीसी फाइल ‘लिब’खाली नसून ‘शेअर’खालच्या पीकेजीकॉन्फिग फोल्डरात जाते. ऑटोरीकॉन्फनंतर (कॉन्फिगर स्क्रिप्ट नव्याने बनवणारी कमांड) एक्स्ट्रान्सच्या मॅक्रोच्या नावावर सिंटॅक्स एरर आली, तर मॅक्रो गोळा करणाऱ्या एसीलोकलला ‘शेअर’मधलं एसीलोकल फोल्डर दाखवलेलं नसतं.

सोलारिस १० वर लिंक करताना ‘सॉकेट’ किंवा ‘गेटहोस्टबायनेम’ सापडत नाही असं लिंकर म्हणतो, कारण ती फंक्शनं तिथे लिबसी ही सीची मूळ लायब्ररी सोडून लिबसॉकेट आणि लिबएनएसएलमध्ये राहतात. कॉन्फिगर स्वतः शोधतोच. नाही शोधलं तर दोन्ही लिब्ज व्हेरिएबलमध्ये द्या. एलडीफ्लॅग्जमध्ये नको, ते ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येतं.

बिल्ड पार पडल्यावर खरी गंमत. ‘ईयूआयडी शून्य नाही’ (प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चालत नाही) असा संदेश म्हणजे टीएमपीखालचं डॉट-एक्स११-युनिक्स फोल्डर अस्तित्वात नाही आणि सर्व्हर रूट नसल्याने ते बनवायला तयार नाही. रूटने ते १७७७ परवानगीने बनवावं. टीएमपी रॅममध्ये असेल तर रीबूटनंतर ते जातं, तेव्हा बूट होताना असे फोल्डर बनवणाऱ्या सिस्टमडीच्या टीएमपीफाइल्सकडे सोपवलेलं बरं.

‘आयनेट६’चा (आयपीव्ही६चा) लिसनर, म्हणजे जोडणीची वाट पाहणारा सॉकेट, उघडला नाही हा संदेश भयानक दिसतो, पण कर्नलमध्ये आयपीव्ही६ नसेल तर तो निरुपद्रवी; सर्व्हर पुढे चालतो. ‘सर्व्हर आधीच चालू आहे’ हा मात्र जीवघेणा. डिस्प्ले ० चा सॉकेट किंवा, टीसीपी चालू असल्यास, ६००० पोर्ट कोणीतरी अडवलेला असतो. लिनक्सवर सॉकेटची फाइल पुसून भागत नाही, ज्याची फाइलच नसते असा अॅबस्ट्रॅक्ट सॉकेट वेगळा असतो; ‘एसएस’ कमांडने तो धरणारी प्रोसेस शोधा. आणि एक्स सर्व्हर १.१७ पासून टीसीपी मुळातच बंद असतं, त्यामुळे रिमोट डिस्प्ले लागला नाही म्हणून बिल्डला दोष देऊ नका. सर्व्हर सुरू करताना ‘लिसन टीसीपी’ हा पर्याय द्या.

कोड जुना, पण टिकाऊ. संदेशांना मात्र पाचापैकी दोनच तारे: फंक्शनचं नाव सांगतात, कारण सांगत नाहीत. कारण हवं तर प्रोग्राम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं एसट्रेस लावा.