लोडरचा दोष नेमका शोधणारे बारामतीतील हायड्रॉलिक वर्कशॉप
शेणखताने भरलेली बकेट वर धरली, की आमच्या ट्रॅक्टरचा लोडर हळूहळू खाली बसू लागला होता. आधीच्या मेकॅनिकने पंप बदलायला लावला, तरी फरक पडला नाही. तो पडणारही नव्हता, कारण लीव्हर मध्यावर असताना भार पंप नव्हे, तर व्हॉल्व्हचा स्पूल (तेलाची वाट उघडणारा-बंद करणारा आतला सरकता भाग) आणि सिलिंडरमधील सील (तेल पलीकडे जाऊ न देणाऱ्या रिंगा) तोलून धरतात.

या वर्कशॉपमध्ये मात्र आधी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लीव्हर हलवून दाब काढला गेला. नंतर दोन्ही सिलिंडर उतरवून, त्यांचा दांडा शेवटपर्यंत पुढे सरकवून आणि दांड्याकडील नळी सोडून दुसऱ्या बाजूने दाब दिला. उघड्या तोंडातून तेल आले नाही, म्हणजे सील शाबूत होते. झिजला होता तो स्पूल, आणि कारण होते तुंबलेला फिल्टर व गढूळ तेल. गळती शोधताना कारागीर नळीवर हात न फिरवता पुठ्ठा धरत होते, ही सावधगिरी मला फार मोलाची वाटली. दाबाखालील तेलाची बारीक चिळकांडी त्वचेत शिरते.

नव्या व्हॉल्व्हसाठी 4 दिवस थांबावे लागले, तेही ऐन खत टाकण्याच्या हंगामात. जुना स्पूल मात्र त्यांनी न मागता हातात दिला.