होडीसाठी घेतलेला बारा व्होल्टचा फोकस: दोन पावसाळे वापरल्यावर

जुलै 2021 मध्ये कृष्णेला आलेल्या पुरात एका रात्री मळ्यात अडकलेल्या म्हातारीला आणायला आम्ही होडी काढली. कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली, ऊस शेंड्यापर्यंत बुडालेला, गावची वीज बंद. दादा मागं मशीनवर, म्हणजे होडीच्या इंजिनावर, आणि मी पुढं तोंडाला. माझ्या डोक्याच्या वर पाइपाला ट्रॅक्टरवर लावतात तसली एलईडी पट्टी बांधलेली. उजेड भरपूर होता. होडीचं पांढरं तोंड, माझे हात, पावसाचा थेंब न् थेंब लख्ख दिसत होता, आणि पंधरा-वीस मीटरच्या पुढं काळोख. पंपाच्या खांबावरून गेलेली सर्व्हिस वायर पाणी चढल्यानं डोक्याच्या उंचीला आली होती. ती मला कपाळापासून हातभर अंतरावर आल्यावर दिसली. लाइन बंद होती म्हणून आम्ही तिघंही घरी पोचलो.

त्या रात्रीपासून हा विषय डोक्यातून गेला नाही. माझं चिकोडी तालुक्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. मोजल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. पूर ओसरल्यावर पहिल्यांदा ती पट्टी टेबलावर घेतली. खोक्यावर 72 वॅट छापलेलं. मीटर लावला तर 12.6 व्होल्टला 1.9 अँपिअर, म्हणजे 24 वॅट. कुठल्या कंपनीची ते सांगून उपयोग नाही, त्या किमतीत बाजारात सगळीकडं हेच चाललंय. पण पट्टी खरोखर 72 वॅटची असती तरी त्या रात्री वायर दिसली नसती. झोत साठ अंशांचा होता. वीस मीटरवर तो तेवीस मीटर रुंद पसरतो. शेतात रोटाव्हेटर मारायला तो उत्तम, नदीवर निरुपयोगी.

होडीसाठी फोकस घेताना लोक पहिला प्रश्न वॅटचा विचारतात, दुसरा लुमेनचा. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा सगळा उजेड. तो एका दिशेला किती गोळा होतो ते कँडेलात मोजतात, आणि पाण्यावर कामाला येतो तो हा आकडा. हिशेब सोपा आहे. कँडेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं, तितक्या मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पडतो. 10,000 कँडेलाला 200 मीटर, 40,000 ला 400. चांदण्यात ओंडका आणि लाट यातला फरक कळत नाही, म्हणून मी त्याचा तिसरा हिस्साच खरा धरतो. खोक्यावर कँडेला नसेल तर झोत किती अंशांचा ते विचारा. आठ-दहा अंशांचा पाहिजे. आणि लुमेनचा आकडा वॅटच्या शंभरपटीपेक्षा फार मोठा छापला असेल तर ते खोकं परत द्या.

2024 च्या मे महिन्यात बेळगावला गेलो. खडेबाजारच्या बाजूला गाड्यांच्या इलेक्ट्रिक सामानाचं एक जुनं दुकान आहे, तिथं. मालक कन्नड बोलणारे, पण माझ्याशी पहिल्यापासून मराठीत बोलतात. म्हणाले, "अण्णा, जीपला पाहिजे का ट्रॅक्टरला?" होडीला म्हटल्यावर त्यांनी काउंटरवरचे दिवे बाजूला सारले आणि माळ्यावरून चार इंची गोल फोकस काढला. छापील 27 वॅट, झोत आठ अंश, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, मागं उष्णता घालवणाऱ्या पंख्या. मी मीटर बरोबर नेला होता. 12.6 व्होल्टला 2 अँपिअर, म्हणजे 25 वॅट. छापलेलं आणि मोजलेलं इतकं जवळ असलेला दिवा माझ्या हाताला पहिल्यांदा लागला. मागच्या अंधाऱ्या गोडाऊनमध्ये बॅटरीवर लावूनही दाखवला त्यांनी. बिल 1,850 रुपये. गिऱ्हाइकाला माल पेटवून दाखवणारं दुकान म्हणून मी ते सगळ्यांना सांगतो.

तरी घरी आल्यावर एक चाचणी घेतलीच, आणि ती तुम्हीही घ्या. दिव्यावर आयपी 67 लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी आत पाणी जायला नको. पण ती परीक्षा थंड दिव्याची. नदीवर दिवा तासभर पेटून तापलेला असतो आणि त्यावर एकदम पावसाची सर येते. आतली हवा गार होऊन आकसते आणि जिथं फट असेल तिथून पाणी आत ओढून घेते. म्हणून मी दिवा वीस मिनिटं चालवला, हाताला चटका बसेल इतका तापू दिला आणि बंद करून दुकानातल्या पाण्याच्या पिंपात सोडला. वायर जिथून आत जाते तिथून पाणी आत ओढलं गेलं. पाच मिनिटांनी काचेच्या आत मोहरीएवढा थेंब. दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेलो. मालकांनी वाद घातला नाही, दुसरा दिला. तो पिंपात कोरडा राहिला, तरी वायरीच्या तोंडाशी मी आमचं रिवायंडिंगचं व्हार्निश दोन हात दिलं.

आता बसवण्याचं. निम्मं काम इथंच आहे, आणि चांगला दिवा घेऊनही लोक इथं चुकतात. आमची होडी सोळा फुटी फायबरची, आतून-बाहेरून पांढरी. अशा होडीत दिवा तुमच्या मागं किंवा डोक्यावर लावला की पहिला उजेड होडीच्या तोंडावर पडतो आणि तो तुमच्या डोळ्यात परत येतो. डोळ्याची बाहुली आकसते. अंधाराला पुरता सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ती सवय एका क्षणात जाते. म्हणून दिवा होडीच्या सगळ्यात पुढच्या टोकाच्याही पुढं पाहिजे. मी एक इंची स्टेनलेस पाइप वाकवून घेतला, टोकापासून दीड फूट बाहेर आणि पाण्यापासून चार फूट वर. दिव्याभोवती चार इंची पीव्हीसी पाइपाचं अर्धं कापलेलं टोपरं, आतून काळं. होडीचं वरचं तोंड शाळेच्या फळ्याला लावतात त्या काळ्या रंगानं रंगवलं. तात्यांना ते अजिबात आवडलं नाही. त्यांनी उभी हयात लाकडी नाव वल्हवली, तिचं तोंड कधी काळं केलं नव्हतं. पण एका अमावास्येला बरोबर आले, बंधाऱ्याचे पिलर लांबून एकेक मोजले, आणि पुन्हा त्या रंगाबद्दल बोलले नाहीत.

फायबरला नुसते स्क्रू मारू नका, महिन्यात भोक मोठं होतं. 8 मिलीमीटरचे स्टेनलेस बोल्ट आरपार, खालून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, वायसर, थरथरीनं सैल न होणारे नायलॉक नट, आणि भोकात सीलंट भरून मगच आवळायचं. पाइप आणि पट्टीच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातलाय, मशीनची थरथर दिव्यापर्यंत जात नाही. दिव्याबरोबर आलेला क्लॅम्पचा नट साधा लोखंडी होता, पहिल्या पावसाळ्यातच गंजून बसला. तो घेतल्या घेतल्या बदला.

वायर 2.5 चौरस मिलीमीटरची टाकली. 2 अँपिअरला एवढी जाड वायर कशाला, असं दादानं विचारलं. बॅटरी मागं आणि दिवा पुढं, जाऊन-येऊन दहा मीटर वायर होते. बारीक 0.75 च्या वायरीत अर्धा व्होल्ट वाटेतच जातो, या वायरीत जेमतेम 0.15. पुढं मोठा दिवा लावायचा झाला तर वायर तीच राहील. फ्यूज 5 अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरात. दिव्यात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ दिलाय, पाणी त्या झोळावरून गळून जातं, आत जात नाही. बॅटरी 26 अँपिअर-अवरची, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात. निम्म्यापर्यंतच वापरायची असं धरलं तरी सहा तास निघतात.

पाण्यावर कसा आहे? मे महिन्यात घाटावरून पावलं मोजून पाहिलं. 180 पावलांवरच्या जॅकवेलच्या, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीच्या, भिंतीवर रंगवलेली अक्षरं वाचता येतात. माझी दोन पावलं दीड मीटर, म्हणजे अंतर 135 मीटर झालं. जाळ्यांचे थर्माकोलचे तुकडे साठ-सत्तर मीटरवरून दिसतात, तेवढ्यात मशीन हळू करता येतं. पावसाळी किड्यांचा थवा दिव्याभोवती पुढंच राहतो, तोंडावर येत नाही. दिवा डोक्यावर होता तेव्हा डोळे उघडे ठेवणं मुश्कील व्हायचं.

डिसेंबरात पहाटे नदीवर धुकं उतरतं तेव्हा मात्र हा दिवा हरतो. पुढं पांढरी भिंत उभी राहते. मी काचेवर पिवळी फिल्म लावून पाहिली, मला तरी फरक दिसला नाही. थोडाफार उपयोग दिवा खाली झुकवण्याचा होतो. तेवढंही दिसत नसेल तर मशीन बंद करून काठाला थांबायचं, दुसरा उपाय माझ्याकडं नाही.

आणखी एक उणीव आहे, ती या दिव्याची नाही, जागेची आहे. आमच्या कृष्णेत मगरी आहेत. मगरीचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे लाल चमकतात, पण ते उजेड जिथून आला तिकडंच परत पाठवतात. दिवा पुढं आणि तुम्ही मागं, तर ती चमक तुमच्यापर्यंत कमी येते. लाइफ जॅकेटवरच्या चमकत्या पट्टीचंही तेच. पाण्यात माणूस शोधायचा असेल तर हातातली बॅटरी कानशिलाजवळ धरायची आणि तिच्या झोतामागून बघायचं, पट्टी लांबूनही पेटल्यासारखी दिसते. म्हणून चार्जिंगची एक हातबॅटरी मी तोंडाशी दोरीनं बांधून ठेवलीय. नुसता फोकस पुरेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

समोरून दुसरी होडी आली की फोकस लगेच पाण्याकडं झुकवायचा किंवा बंद करायचा. आठ अंशांचा झोत डोळ्यात गेला की समोरचा नावाडी काही मिनिटं आंधळाच असतो. त्यासाठी स्विच मी मागं, मशीन धरणाऱ्याच्या डाव्या हाताला बसवलाय. आपली होडी दुसऱ्याला दिसावी म्हणून चारी बाजूंनी दिसणारा छोटा पांढरा दिवा वेगळा, मागच्या उंच काठीवर. तो रात्रभर चालू राहतो, आणि त्याच्या खाली पत्र्याची गोल ताटली लावलीय, म्हणजे त्याचा उजेड होडीत पडत नाही.

दोन पावसाळ्यांनंतर काचेवर बारीक ओरखडे आलेत, तेही आम्हीच गाळाच्या फडक्यानं पुसल्यामुळं. आत पाणी नाही, मीटरवर अजून 2 अँपिअर. त्या म्हातारीच्या मळ्याकडं जाणारी ती सर्व्हिस वायर मात्र अजून तिथंच, तेवढ्याच उंचीवर आहे. तिला मी लाल कापडाच्या तीन पट्ट्या आणि जुन्या जॅकेटची चमकती पट्टी बांधून आलोय.