काडी लावून पाहिलं, वास कातड्याचाच आला

गेल्या मार्गशीर्षातल्या माळेगावच्या यात्रेत मी कमरेचे ७१ पट्टे विकले. त्यातले २३ आतापर्यंत परत आलेत. ज्याच्याकडून कातडं घेतलं त्याचा फोन लागत नाही. हाताने पट्टे, पाकिटं, बैलांचे गळपट्टे करणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळ जणी आणि जण आता फोनवरूनच माल मागवतात, म्हणून झालेलं सगळं लिहून ठेवते.

मी अहमदपूरची. वडील मोटा शिवायचे, मोटा गेल्यावर वाद्या आणि चाबूक करायचे. त्यांच्या काळी बाभळीच्या सालीवर आणि हिरड्यावर कमावलेलं कातडं आसपासच मिळायचं. आता इकडे ते काम करणारं माझ्या ओळखीत कुणी उरलं नाही. माझी हत्यारं साधीच आहेत. रापी, आरी, भोकं पाडायचे चार पंच, लाकडी हातोडा, लोखंडी ऐरण, मेण लावलेला दोरा आणि नक्षीचे पितळी ठसे. पट्ट्याच्या टोकाला मी बाभळीची डहाळी काढते. कातडं ओलसर करायचं, पाणी आत मुरू द्यायचं, वरचा रंग पुन्हा उजळायला लागला की ठसा ठोकायचा. झाडसालीवर कमावलेल्या कातड्यावर तो ठसा वर्षानुवर्षं राहतो. क्रोमचं, म्हणजे झाडसालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं मऊ आणि लवचीक असतं, त्यावर ठोकलेली नक्षी हळूहळू भरून येते. म्हणून मला झाडसालीचंच लागतं, तेही साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीचं. त्याहून पातळ पट्टा बक्कलापाशी लवकर लांबतो.

तो माणूस एका ग्रुपवर भेटला. कानपूरहून बोलतो म्हणायचा. मराठी येत नव्हती, पण बोलणं गोड, पहिल्याच फोनपासून 'दीदी, दीदी'. त्याने तळहाताएवढे दोन नमुने कुरियरने फुकट पाठवले. दोन्ही उत्तम होते. न रंगवलेले, फिक्या बदामी रंगाचे, पाणी टाकलं की लगेच काळपट होणारे. ठसा असा बसला की मी ते तुकडे घरच्यांना दाखवत फिरले. भाव १६५ रुपये चौरस फूट. मला तोवर सव्वादोनशेच्या खाली कुठे मिळालं नव्हतं. साठ फूट सांगितलं. वर शंभर पितळी बकलं, सत्तर रुपयाला एक. मिळून १६,९०० रुपये, कुरियर वेगळं. अर्धे आधी, अर्धे माल निघायच्या आदल्या दिवशी. दोन्ही वेळा पैसे फोनवरूनच गेले. बिल मागितलं तर म्हणाला, पार्सलमध्ये टाकतो.

आणि मग त्याने एक मेहरबानी केली. म्हणाला, दीदी, यात्रा जवळ आलीय, तुमचा रंगवायचा वेळ वाचेल, आम्ही गडद तपकिरी रंग फुकटात मारून देतो. मी आनंदाने हो म्हटलं. फसवणूक नेमकी या वाक्यात होती. बिनरंगाचं कातडं काही लपवू शकत नाही. त्यावरचे डाग, डासांचे व्रण, काटेरी तारेचे ओरखडे, सगळं दिसतं. रंग आणि लेप चढवला की खाली काय आहे ते कळत नाही.

माल आला. तीन साईड, म्हणजे अर्धी अर्धी कातडी, गुंडाळी करून बांधलेली. बिल नव्हतं. वरची साईड चांगलीच होती, तिच्यातूनच मी पहिले पट्टे कापले. बाकीच्या दोन्ही साईड मी तीन दिवसांनी उलगडल्या. त्यांच्यावर पाणी टाकलं तर थेंब तसाच उभा राहिला. फोन केला. तो म्हणाला, फिनिशिंग आहे दीदी, पाणी कसं मुरेल? हे अर्धं खरंच आहे, चांगल्या कातड्यालाही लेप दिला की पाणी लगेच मुरत नाही. मग म्हणाला, शंका असेल तर मागच्या बाजूचं खरवडून जाळून बघा. मी काडी लावली. केस जळाल्यासारखा वास आला, राख चुरगळली, प्लास्टिकसारखी गोळी झाली नाही. मी निश्चिंत झाले.

इथेच सांगते, कारण काडी लावून बघा हा सल्ला सगळीकडे दिला जातो. जळालेल्या वासाने फार तर एवढं कळतं की हे कातडं आहे. कातड्याचा कुठला थर आहे, ते कळत नाही. म्हशीचं कातडं जाड असतं. कारखान्यात यंत्रावर ते आडवं चिरून त्याचे थर काढतात. केसांकडचा वरचा थर घट्ट विणीचा आणि टिकाऊ. खालचा थर म्हणजे स्प्लिट. त्याचे तंतू सैल, दोन्ही बाजू लवदार. त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवतात आणि गरम पत्र्याने कातड्याचे दाणे उमटवतात. समोरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. स्प्लिट वाईट असतं असं नाही. हातमोजे, अस्तर, मखमली पिशव्या त्याच्याच होतात. पण ते स्प्लिट म्हणून, स्प्लिटच्या भावात विकावं. कमरेला ताण घेणारा पट्टा त्याचा टिकत नाही.

मला दोन इशारे मिळाले होते. ओलसर करून ठोकलेला ठसा सकाळपर्यंत सपाट झाला. आणि कड घासून चमकत नव्हती. झाडसालीच्या कातड्याची कड पाण्याचं बोट फिरवून लाकडाने घासली की काचेसारखी होते. इथे घासेल तितकी लव उठत होती. यात्रेला नऊ दिवस राहिले होते. मी ठसा गरम करून दाबला, तर डहाळी झकास उमटली. ती कातड्यावर उमटतच नव्हती, वरच्या प्लास्टिकवर उमटत होती. हे मला तेव्हा समजायला हवं होतं. हात थांबत होता, मी थांबले नाही. कडेला जाड रंग लावून लव दाबून टाकली.

माळेगावला खंडोबाची यात्रा. घोडे, देवणी, लालकंधारी, सगळा जनावरांचा बाजार, आणि घेणारा माणूस कातडं हाताळणारा. पट्टे ५५० ला एक असे गेले. पहिला पट्टा दीड महिन्याने परत आला. लोह्याकडचे बैलांचे व्यापारी होते, वडिलांच्या ओळखीचे. रागावले नाहीत. पट्टा माझ्यापुढे ठेवून एवढंच विचारलं, "ताई, ह्यो कातड्याचा हाय का पुठ्ठ्याचा?" तिसऱ्या भोकापाशी चीर गेली होती आणि वरचा पापुद्रा नखाने सुटत होता. मी त्यांच्यासमोरच पट्टा रापीने आडवा कापला. कापलेल्या तोंडाला वरती एक चकचकीत बारीक रेघ आणि तिच्याखाली नुसता भुसा. ज्याच्या घरात दोन पिढ्या कातड्याचं काम झालं, त्याला त्या क्षणी काय वाटतं ते मला लिहिता येत नाही.

त्याच रात्री उरलेली साईड तपासली. कोपऱ्यात सँडपेपर घासला. खऱ्या वरच्या थरावर रंग गेला तरी खाली गुळगुळीत दाणाच लागतो. इथे रंगासकट पापुद्रा निघाला आणि खाली लव लागली. दोन मिनिटांचं काम होतं, माल आला त्या दिवशी करायचं. करायचं तर गुंडाळीतल्या प्रत्येक साईडवर करा. वरची एक चांगली निघाली म्हणजे खालच्या चांगल्या असं होत नाही. कोपऱ्याची बोटभर पट्टी आडवी कापून उजेडात बघा, वर वेगळी चकचकीत रेघ दिसते का. झाडसालीचं की क्रोमचं ही शंका असेल तर नखाएवढा तुकडा उकळत्या पाण्यात टाका. झाडसालीचा आक्रसून वळतो आणि कडक होतो, क्रोमचा बहुतेक तसाच राहतो.

मग मापावर शंका आली. फरशीवर तिन्ही साईडचं उरलेलं सगळं मांडलं आणि विकलेल्या पट्ट्यांचं माप त्यात मिळवलं. आमच्या फरश्या दोन फुटी, म्हणजे एका फरशीत चार चौरस फूट. खडूने मोजलं. मागे ६० लिहिलेलं, भरलं ५१. कातड्याची कड वेडीवाकडी असते, पाय आणि पोटाकडचा भाग लोंबतो, त्यामुळे डोळ्याला अंदाज येत नाही. आल्या आल्या फरशीवर टाकून मोजा.

बकलांचं थोडक्यात. चुंबक चिकटलं नाही म्हणून पितळ समजले. जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही. कानशीने मागून ओरखडलं तर आत पांढरं निघालं.

त्याला फोटो पाठवले. दोन निळ्या टिका आल्या, मग नंबर बंद. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलले. गावात एकाने सांगितलं होतं की धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागू नाही. ते पूर्ण खरं नाही. २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या हातचं काम करून पोट भरण्यासाठी घेतलेला माल यातून वगळलेला नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, आणि दोन वर्षांची मुदत असते. माझं अडलं ते दुसरीकडे. तक्रार कुणावर करायची त्याचं नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे बंद नंबर आहे आणि पैसे गेले त्या खात्यावरचं एक नाव, जे त्याने सांगितलेल्या नावाशी जुळत नाही. खोक्यावरच्या कुरियरच्या पावतीवर पाठवणाऱ्याचा पत्ता होता, पण ते खोकं मी चुलीत घातलं. बिल हातात आल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका, आणि खोकं जपून ठेवा.

आलेल्या २३ जणांचे पैसे मी परत द्यायला काढले. हिशोबाने १२,६५०. ज्यांना पैसे नको होते त्यांना पहिल्या साईडच्या उरलेल्या कातड्यातून नवा पट्टा करून देत्येय. अजून ४८ पट्टे कुणाच्या तरी कमरेला आहेत. त्यातले काही चांगल्या साईडचे असतील, कोणते ते मला सांगता येत नाही. माळेगावच्या यात्रेत गडद तपकिरी, टोकाला बाभळीच्या डहाळीची नक्षी असलेला पट्टा घेतला असेल, तर भोकापाशी नखाने खरवडून बघा. पापुद्रा सुटला तर यंदा यात्रेत मी त्याच रांगेत बसणार आहे, पट्टा घेऊन या.