मराठी पीडीएफ कानाने वाचताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्याला घाई आहे त्याची सुटका होईल. इंग्रजी लेख किंवा पुस्तक अंध वाचकाला चालेल अशा रूपात बदलून घ्यायचं असेल तर ते फुकटात आणि फारशी दगदग न करता होतं. मराठीतही होतं, पण हाती कोणती फाइल पडली यावर सगळं अवलंबून.

मी लातूरला राहते. दृष्टी गेल्यापासून संगणकावर एनव्हीडीए वापरते. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केलेला हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, आजही मोफत आहे. इतिहासात एम. ए. करतेय, त्यामुळे नोट्स, जुने लेख, शासन निर्णय, व्हॉट्सॲपवर कोणीतरी ढकललेल्या पीडीएफ असा पसारा कायम असतो. पावसाळ्याच्या तोंडावर ठरवलं की दरवेळी कोणाला तरी ‘जरा वाचून दाखव’ म्हणत बसायचं नाही, फाइलच वाचण्याजोगी करून घ्यायची.

इंग्रजीचं पटकन उरकते. त्यासाठी रोबोब्रेल. डेन्मार्कमध्ये २००४ साली सुरू झालेली ही सेवा. संकेतस्थळावर फाइल चढवायची, एमपी३, डेझी (अंधांसाठीच्या बोलक्या पुस्तकाचं रूप), ईपब (ई-पुस्तकाचं रूप), ब्रेल यांतलं काय हवं ते निवडायचं, आपला ईमेल द्यायचा. तयार फाइल मेलवर येते. स्वतःच्या वाचनासाठी वापरलं तर पैसे पडत नाहीत. सुरुवातीला हौसेने एमपी३ करून घेत होते, आता घेत नाही. एमपी३ प्रवासात ऐकायला ठीक, अभ्यासाला कुचकामी. त्यात शब्द शोधता येत नाही, नावाचं स्पेलिंग तपासता येत नाही, तळटीप ओलांडता येत नाही. स्कॅन केलेल्या लेखाची वर्ड फाइल मागवून घ्यावी, हे माझं मत.

आता मराठी. कागदावर सारख्या दिसणाऱ्या मराठी पीडीएफ कानाला तीन जातींच्या लागतात. पहिली युनिकोडची, म्हणजे जिथे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक असतो. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर युनिकोडमध्ये आहे, तो सरळ वाचता येतो, बदलाबदल काही नाही. पण युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराची पीडीएफ झाली की कधीकधी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते. डोळ्याला पानावर ‘निजाम’ दिसतं, आत मात्र आधी वेलांटी आणि मग न अशी उलटापालट झालेली असते. उच्चार बिघडतो ते सोसवतं. पण शोधाच्या चौकटीत ‘निजाम’ टाकल्यावर अख्ख्या प्रकरणात तो शब्दच नाही असं उत्तर येतं, तेव्हा डोकं फिरतं. निजामाशिवाय मराठवाड्याचा इतिहास!

दुसरी जात जुन्या फॉन्टची, आणि खरा छळ हिचाच. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी या घराण्यातल्या फॉन्टमध्ये अक्षर मराठी दिसतं, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी कळांचं. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिलं असेल तर माझा संगणक ई, जे, के, बी, एच असं वाचतो. अख्खं पुस्तक असं ऐकून बघा. इलाज आहे: मजकूर उचलून फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये टाकायचा आणि युनिकोड करून घ्यायचा. मात्र प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, त्यामुळे आधी फॉन्ट कोणता ते कळायला हवं. ॲडोबी रीडरमध्ये कंट्रोल डी दाबलं की गुणधर्मांची खिडकी उघडते, तिथे फॉन्टचा टॅब असतो. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून मुद्दाम सांगतेय. बदलून झाल्यावर रफार आणि जोडाक्षरं तपासायची. या फॉन्टमध्ये ‘धर्म’ टाइप करताना रफार म नंतर येतो, कन्व्हर्टर चांगला असेल तर तो जागेवर नेऊन ठेवतो, नसेल तर धर्म बुडाला.

तिसरी जात फोटोची. पान स्कॅन केलेलं, आत अक्षर एकही नाही, स्क्रीन रीडर मुकाट. भाचा लगेच ओळखतो: “मावशी, ह्ये निस्ता फोटूच हाय.” याला ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं तंत्र, लागतं. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून डॉक्समध्ये उघडली की मजकूर हाती येतो; ज्याला संगणकाची भीड नाही त्याला मोफत टेसरॅक्टही आहे, त्यात मराठी येते. छपाई स्वच्छ असेल तर निकाल खरंच चांगला. पण कुठलंही ओसीआर घ्या, देवनागरीत अडखळायच्या जागा ठरलेल्या: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ‘ख’चा ‘रव’. हे कान सावरून घेतो. आकडे नाही सावरता येत. १ आणि ९ मध्ये गल्लत झाली की १७ सप्टेंबर १९४८ चं काय होईल सांगता येत नाही, आणि मुक्तिसंग्रामाच्या प्रकरणात सनावळ्याच चुकल्या तर उरलं काय? म्हणून आकडे तेवढे कोणाकडून तरी मूळ पानाशी ताडून घेते. दोन स्तंभांचं पान असेल तर आधी तुकडे करून घ्यावेत, नाहीतर डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या अर्ध्या ओळीला चिकटते.

मजकूर शुद्ध झाला की पुढचं काम आवडीचं. वर्डमध्ये प्रकरणांना हेडिंगची स्टाइल द्यायची. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं शीर्षक मला दिसत नाही. स्टाइल दिलेलं मात्र एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये एच दाबत गाठता येतं. मग डेझी कन्सोर्टियमचं मोफत वर्डटूईपब चालवायचं. फोनवर ईपब उघडलं की प्रकरणांवरून उड्या मारत वाचता येतं. आवाजाबद्दल मतं वेगवेगळी. ईस्पीक या मजकूर बोलणाऱ्या प्रोग्रॅमचा मराठी आवाज यंत्रासारखा आहे, पण वेग वाढवला तरी शब्द तुटत नाहीत, म्हणून अभ्यासाला तोच. कथा-कादंबरी फोनवरच्या मऊ आवाजात. दोन्हीकडे ‘इ. स.’ मधल्या टिंबांवर वाक्य संपल्यासारखी खीळ बसते, म्हणून मी ती टिंबं आधीच काढून टाकते.

हा सगळा खटाटोप वाचवायचा असेल तर मुळात वर्ड फाइल मागावी. इथल्या एका डीटीपीवाल्या दादांना मागितली तर म्हणाले, “मॅडम, छापून तर झकास येतंय की!” मग म्हणाले, फाइल बाहेर गेली तर लेखक ओरडतील. त्यांना सांगितलं की कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंग वाचकासाठी, नफा न कमावता, सुलभ प्रत करायला मुभा आहे. अंध वाचकांसाठी सुलभ प्रतींची वाट मोकळी करणाऱ्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत तर जगातला पहिला देश. कायद्याने ते किती हलले माहीत नाही, पण चहा झाल्यावर फाइल मिळाली. काहीही बदलण्याआधी २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या अंध वाचकांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातही शोधावं; पुस्तक तिथे तयार सापडलं तर सगळीच मेहनत वाचते.

न सुटलेला प्रश्न नकाशांचा. ओसीआर त्यातली गावांची नावं तेवढी विस्कटून देतं. हैदराबाद संस्थानच्या नकाशाला मी भाच्याला बसवलं: मराठवाड्याचे तेव्हाचे पाचच जिल्हे, लातूर धाराशिवमध्येच, कोणाची हद्द कोणाला लागते ते सांग. तो सांगत गेला, मी टाइप केलं आणि वर्डमध्ये त्या चित्राच्या पर्यायी मजकुरात टाकलं. ईपबमध्ये ते जसंच्या तसं उतरतं आणि नकाशाशी आलं की वाचलं जातं. बाकीच्या नकाशांसाठी तो दिवाळीच्या सुट्टीत बसणार आहे, म्हणतोय तरी.