घरचा शिक्षक की परदेशवारी?

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तुम्ही एखादे अर्ल, म्हणजे बडे सरदार, आहात असं समजा. मुलगा सोळाचा. जमीनजुमला, दरबार उद्या त्यानंच सांभाळायचा. मग त्याला घरीच शिक्षक ठेवायचा, की दोन-तीन वर्षं फ्रान्स-इटलीला धाडायचं?

लॅटिन, ग्रीक पक्कं करायचं तर घरची शिकवणी बरी. खर्च म्हणजे पगार, खोली आणि जेवणखाण. परदेशी जाताना शिक्षक तर सोबत लागतोच, वर नोकर, घोडे, तलवारबाजीचे आणि नृत्याचे उस्ताद. सरकारी परवाना काढावा लागतो, आणि प्रोटेस्टंट घरातलं पोरगं कॅथलिक होऊन परतेल ही धास्ती वेगळीच.

पैशाचं तर विचारूच नका. अर्ल ऑफ कॉर्कचा मुलगा रॉबर्ट बॉइल, पुढे रसायनशास्त्रात नाव काढलेला, १६३९ मध्ये भाऊ फ्रान्सिस आणि शिक्षक मार्कोम्ब यांच्याबरोबर निघाला. इटलीत गॅलिलिओचं लेखन वाचलं, सगळं छान चाललं होतं. १६४१ मध्ये बापाच्या जमिनी होत्या त्या आयर्लंडमध्ये बंड पेटलं आणि बापाकडून येणारा पैसा आटला. फ्रान्सिस घरी परतला. रॉबर्ट मात्र १६४४ पर्यंत जिनिव्हात मार्कोम्बच्याच आधारावर राहिला. शिक्षक भला निघाला म्हणून निभावलं.

सगळेच तसे नसतात. दर्यावर्दी आणि दरबारी सर वॉल्टर रॅलेनं तुरुंगात असताना मुलाला पॅरिसला पाठवलं, सोबत नाटककार बेन जॉन्सन. पोरानं या गुरुजींनाच दारू पाजून बेशुद्ध केलं, हातगाडीवर हातपाय पसरून निजवलं आणि गल्लोगल्ली फिरवत लोकांना दाखवलं: हा बघा तुमच्याकडच्या मूर्तींपेक्षा जिवंत, क्रूसावरचा येशू! किस्सा खुद्द जॉन्सननंच सांगितलेला. मुलाच्या आईला म्हणे हे ऐकून हसूच आलं.

तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज १६०८ पासून कॅव्हेंडिश घराण्यात शिक्षक. १६३० च्या दशकात तिसऱ्या अर्ल ऑफ डेव्हनशरला घेऊन तो युरोप फिरला, पॅरिसमध्ये मर्सेन या विद्वान पाद्र्याच्या वर्तुळात रुळला, इटलीत गॅलिलिओला भेटला. माझ्या मते त्या प्रवासाचा खरा लाभ चेल्यापेक्षा गुरूलाच झाला.

वयाबाबत तत्त्वज्ञ जॉन लॉकचं ऐकावं. १६९३ मध्ये तो लिहितो की सोळा ते एकवीस हे प्रवासाला सगळ्यात वाईट वय: भाषा जिभेवर बसायला उशीर झालेला, आणि अक्कल अजून यायचीय. म्हणजे तुमच्या सोळा वर्षांच्या चिरंजीवांनी तूर्त घरीच बसलेलं बरं.

मुलगी असेल तर प्रवासाचा प्रश्नच सहसा निघत नसे. लेडी अ‍ॅन क्लिफर्डला सॅम्युअल डॅनिएलसारखा कवी शिकवायला होता, पण इंग्रजीपलीकडची भाषा शिकायला बापाची मनाई.

इंग्लंडच्या यादवीत पार्लमेंटच्या फौजेचा सेनापती असलेल्या जनरल फेअरफॅक्सनं मात्र मधला रस्ता काढला. हॉलंड, फ्रान्स, इटली, स्पेन अशी चार वर्षं भटकून आलेल्या कवी अँड्र्यू मार्व्हेलला त्यानं १६५० च्या सुमारास यॉर्कशरच्या घरी मुलीला भाषा शिकवायला ठेवलं. मला विचाराल तर असाच माणूस आधी गाठा. जहाजाचं भाडं नंतर बघता येईल.