पीजीबॅकरेस्ट : कापसाचा हंगाम आणि मार्चअखेर काढल्यावर

आमची पतसंस्था यवतमाळ जिल्ह्यातली. वणी, मारेगाव, घाटंजीकडच्या शाखा मुख्य कार्यालयातल्या एकाच पोस्टग्रेस (डेटाबेस) सर्व्हरवर चालतात. आधी रोज रात्री पीजी-डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एक प्रत, निघायचा. पण डंप परत चढवताना सगळे इंडेक्स नव्यानं बांधले जातात, तेवढा वेळ काउंटर बंद. शिवाय रात्रीनंतरच्या एंट्र्या त्यात नसतातच. कापसाचे पैसे जमा होण्याच्या दिवसांत ते परवडत नाही. म्हणून पीजीबॅकरेस्ट हे पोस्टग्रेसचं बॅकअप-रिस्टोरचं साधन घेतलं. रविवारी फुल, बाकी दिवस इन्क्रिमेंटल (फक्त बदललेलं तेवढं) आणि वॉल फाइली, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद, दिवसभर आर्काइव्हला.

खरी परीक्षा मार्चअखेरीस झाली. व्याजाची स्क्रिप्ट नको त्या खात्यांवरही चालली. शाखेतून फोन, "काऊन भाऊ, बंद खात्यावर व्याज कसं चढलं?" चालू सर्व्हरला हात न लावता दुसऱ्या मशीनवर रिस्टोर लावलं, टार्गेट स्क्रिप्टच्या दोन मिनिटं आधीची वेळ. वेळेपुढे +05:30 (भारतीय वेळ) लिहाच. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, असेल तर साडेपाच तासांचा घोळ होतो. ठरल्या वेळेला डेटाबेस थांबतो आणि फक्त वाचता येतो, हे मला फार आवडलं. आधी रोजकीर्दीशी शिलका पडताळल्या, मग प्रमोट केलं, म्हणजे लिहिण्यासाठीही खुला केला. तिथून जुन्या शिलका काढून मूळ सर्व्हरवर फक्त व्याजाच्या नोंदी उलटवल्या. नंतरचा भरणा-उचल जशीच्या तशी राहिली.

यात एक गोष्ट खटकली : हवं होतं एक टेबल, पण एकटं टेबल रिस्टोर करता येत नाही. दुसऱ्या मशीनवर तेवढी डिस्क मोकळी हवीच.

आमची एक रेपॉझिटरी (बॅकअप आणि वॉल साठवायची जागा) यवतमाळच्या शाखेत आहे आणि पावसाळ्यात लाइन जाणार हे ठरलेलं. एक जरी रेपॉझिटरी पोचेनाशी झाली तरी वॉल फाइली मूळ सर्व्हरवर साचत जातात. डिस्क भरली की डेटाबेसच बंद. यावर आर्काइव्ह-पुश-क्यू-मॅक्स नावाची मर्यादा आहे, पण ती ओलांडली की वॉल टाकून दिल्या जातात आणि साखळी तुटते. त्यापुढच्या वेळेवर जायचं तर नवा बॅकअप घ्यावा लागतो. पतसंस्थेत हे चालणार नाही. आम्ही मर्यादा न लावता डिस्क मोठी घेतली.

खिडक्या-बटणं काहीच नाहीत, सगळं कमांड लाइनवर. दुसरा शनिवार सुट्टीचा, तेव्हा जुन्या मशीनवर रिस्टोर करून तेरीज जुळवतो. बॅकअपला एन्क्रिप्शन लावलं असेल तर पासफ्रेज (तो उघडायचा गुप्त शब्द) फक्त त्याच सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ठेवू नका, सर्व्हरबरोबर तोही जाईल. आमचा तिजोरीत आहे.